वाचक विचारतात : बाँडायचा खाऱ्या पाण्याचा तलाव आणि रविवारची हजेरी

मागच्या अंकात आपण सिडनीच्या बाँडाय बीचवरच्या तलावाचा एक फोटो छापला होता, अर्धा समुद्रात घुसलेला, पांढऱ्या कठड्यांचा, आणि लाट थेट पोहणाऱ्यांच्या अंगावर येऊन फुटतेय असा. खाली दोनच ओळी होत्या, की हिवाळ्यात पोहणाऱ्यांचा 'बाँडाय आइसबर्ग्ज' नावाचा क्लब इथे १९२९ पासून आहे आणि मोसमाच्या पहिल्या दिवशी ही मंडळी पाण्यात बर्फ टाकतात. झालं, त्या बर्फावरूनच इतके मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागलं. जे प्रश्न परत परत आले ते एकत्र केलेत, त्यामुळे आपलं पत्र जसंच्या तसं दिसलं नाही तर रागावू नका.

प्रश्न : मुलगा सिडनीला असतो, आम्ही दोघं जून-जुलैत जातोय. मी ६६ वर्षांचा आहे आणि ठाण्यात गेली कित्येक वर्षं रोज सकाळी पोहतो. फोटोतला तलाव फक्त क्लबच्या लोकांसाठी आहे की आपल्यासारख्याला सोडतात? आणि तेव्हा तिथे हिवाळा असेल ना? — ठाण्याचे एक काका

सोडतात की! काका, तिकीट काढायचं आणि आत जायचं, मेंबर असण्याची काही गरज नाही. पुष्कळांना वाटतं की हा एखाद्या जिमखान्यासारखा बंद दरवाज्याआडचा प्रकार आहे, तसं नाहीये, पूल सगळ्यांना खुला आहे, क्लबचं मेंबर होणं हा मात्र वेगळाच विषय आहे आणि तो खाली येतोच आहे. ५० मीटरचा मोठा पूल आहे, शेजारी लहान मुलांसाठी छोटा आहे, आणि सॉना, म्हंजे अंग शेकायची गरम खोली पण आहे, जी तुम्हाला जुलैत फार आवडेल.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे गुरुवारी जाऊ नका. गुरुवारी पूल रिकामा करून घासतात, कारण हे समुद्राचं पाणी आहे, शेवाळ धरतं, वाळू येऊन साचते, आणि कठड्यावर शेवाळ राहिलं तर कोणीतरी सपशेल आपटणार हे नक्की. दुसरं म्हणजे समुद्र खवळलेला असेल तर पूल बंद ठेवतात, त्यामुळे निघायच्या आधी मुलाला चौकशी करायला सांगा, नाहीतर एवढ्या लांब जाऊन वरून बघून परत यायचं. जायला सोपं आहे, ट्रेननं बाँडाय जंक्शन आणि तिथून ३३३ नंबरची बस.

हिवाळा असणारच, पण तो हिवाळा म्हणजे काय तेही ऐका. सिडनीत जुलैत पहाटे आठ-नऊ डिग्री आणि दुपारी सतराच्या आसपास असतं, आणि समुद्राचं पाणी साधारण सतरा-अठरा. म्हंजे सकाळी सातला तुम्ही कठड्यावर उभे असता तेव्हा हवेपेक्षा पाणीच गरम असतं! उत्तरेकडून गरम पाण्याचा एक प्रवाह ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यानं खाली येतो त्याची ही कृपा. अर्थात ठाण्याच्या तलावात तुम्हाला पंचवीस-सव्वीसच्या पाण्याची सवय असेल तर अठरा डिग्री हे चांगलंच झोंबणारं पाणी आहे, त्याबद्दल पुढे नाशिकच्या ताईंच्या उत्तरात लिहिलंय ते नीट वाचा आणि बीपीची गोळी चालू असेल तर जायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : पाणी एवढं थंड नसेल तर मग हे लोक स्वतःला हिमनग म्हणवून घेतात ते कशाच्या जोरावर? आमच्या पंचगंगेत पण पोरं डिसेंबरात पहाटे उड्या मारतात, आमचा पण क्लब करू का मग? — कोल्हापूरहून, सेकंड इयर

कर की! पण मित्रा, तुझा प्रश्न बरोबर जागी लागलाय. बर्फाचं म्हणशील तर तो निव्वळ थाट आहे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मोसम उघडतो आणि बर्फाच्या लाद्या आणून पाण्यात टाकतात आणि सगळे आरडाओरडा करत उड्या मारतात, फोटो निघतात, पेपरात येतात. त्या बर्फानं ५० मीटरच्या पुलाचं तापमान किती उतरणार ते तूच सांग. फिनलंड-रशियातली माणसं गोठलेल्या तळ्याला भोक पाडून त्यात उतरतात, त्यांना हा प्रकार दाखवला तर ते हसतील.

माझ्या मते या क्लबची खरी गंमत थंडीत नाहीच, हजेरीत आहे. १९२९ मध्ये हा क्लब काढला तो बाँडायच्या लाइफसेव्हर मंडळींनी. उन्हाळ्यात बीचवर बुडणाऱ्यांना वाचवायचं काम करायचे, हिवाळ्यात बीच रिकामा, मग अंग सुटतं, दम कमी होतो, म्हणून मग थंडीतही दर रविवारी एकत्र जमून पोहायचं ठरलं. आणि त्यांनी नियम असा करून ठेवला की क्लबचं मेंबर राहायचं असेल तर मे ते सप्टेंबर, महिन्यातल्या चार रविवारांपैकी तीन रविवार तुम्ही पाण्यात उतरलंच पाहिजे, आणि हे सलग पाच वर्षं. गणित कर, वर्षाला पंधरा, पाच वर्षांत पंचाहत्तर. पाऊस असो, वारा असो, आदल्या रात्री लग्नाला जाऊन आलेला असो. कोण मोठा वकील आहे, कोण टॅक्सी चालवतो, कोण जोरात पोहतो, याला काही किंमत नाही, रविवारी आलास का एवढंच बघतात. तुमच्याकडे तालमीत नवीन पोराला वस्ताद आधी महिनोन्‌महिने जोर-बैठका आणि माती उकरायला लावतात, डाव नंतर, तसंच आहे हे थोडंफार.

आणि शर्यती असतात त्याही मजेशीर, हिवाळी पोहण्याच्या या क्लबांमध्ये हँडिकॅप पद्धत चालते, म्हंजे हळू पोहणारा आधी सुटतो आणि सुसाट पोहणारा सगळ्यात शेवटी, प्रत्येकाचा आधीचा टाइम बघून किती सेकंद मागे ठेवायचं ते ठरतं, त्यामुळे सत्तरीतला आजोबा पंचविशीतल्या पोराला हरवू शकतो आणि हरवतोही, आणि मग वर जाऊन त्यावर वाद घालत बसायचं. माणसं वर्षानुवर्षं टिकतात ती याच्यामुळे असं मला वाटतं. जिंकणारे तेच तेच चार जण असते तर बाकीचे तिसऱ्या रविवारीच घरी झोपले असते.

असे क्लब तिथे बरेच आहेत हां, आणि नावं एकापेक्षा एक : क्रोनुल्ला पोलर बेअर्स, कूजी पेंग्विन्स, साऊथ मरूब्रा डॉल्फिन्स. तू कोल्हापुरात काढशील तेव्हा नाव तुमच्या पद्धतीनं ठेव, पण पुराच्या दिवसांत हजेरी माफ हा नियम पहिला लिही, प्लीज.

प्रश्न : ह्या क्लबात बायकांना घेत नव्हते असं ऐकलं, खरं का? ऑस्ट्रेलियासारख्या देशात? — पुण्याहून एक वाचक

खरं आहे, आणि तेही थोडेथोडके दिवस नाही. १९२९ ला सुरू झालेला क्लब, त्यात बायकांना मेंबर म्हणून यायला १९९० चं दशक निम्मं सरावं लागलं. म्हंजे पासष्टच्या आसपास वर्षं. मला हे वाचताना राग येतो, आणि जास्त राग यासाठी येतो की त्याच शहरातल्या बायका हा क्लब निघायच्या कितीतरी आधी पोहण्यात जगात नाव काढून बसल्या होत्या.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकची गोष्ट बघा. बायकांच्या पोहण्याच्या शर्यती ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच ठेवल्या होत्या आणि १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सोनं आणि चांदी दोन्ही सिडनीच्या पोरींनी नेलं, फॅनी ड्युरॅक पहिली आणि मीना वायली दुसरी. पण त्या जाऊ शकल्या हेच नवल होतं, कारण न्यू साऊथ वेल्सच्या, म्हंजे सिडनी ज्या राज्यात आहे तिथल्या, महिला जलतरण संघटनेचाच नियम होता की जिथे पुरुष प्रेक्षक आहेत तिथे बायकांनी शर्यतीत उतरायचं नाही. संघटनेच्या अध्यक्ष रोझ स्कॉट, बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून लढलेली बाई, पण या बाबतीत ठाम विरोधात! शेवटी लोकांनी आरडाओरडा केला, नियम सैल झाला, लोकवर्गणी जमली, आणि सोबत घरातलं मोठं माणूस घेऊन या पोरी जहाजानं स्वीडनला गेल्या. (रोझबाईंनी राजीनामा दिला.)

यातल्या मीनाच्या वडिलांनी, हेन्री वायलींनी, सिडनीतल्याच कूजीला १९०७ मध्ये समुद्रात बांधलेला पूल अजून चालू आहे, वायलीज बाथ्स म्हणतात, लाकडी खांबांवरचे ओटे आहेत आणि बाँडायपेक्षा गर्दी कमी. आणि त्याच्याच जवळ मॅकायव्हर्स लेडीज बाथ्स आहे, तो फक्त बायका आणि लहान मुलांसाठी. १९२२ पासून बायकांचाच एक क्लब तो चालवतोय. भेदभाव-विरोधी कायद्याखाली हा पूल अडचणीत यायची वेळ आली होती तेव्हा १९९५ मध्ये त्याला खास सवलत मिळाली. तिथे हिजाबवाल्या बायका, आज्या, बाळंतपणानंतर पहिल्यांदा पाण्यात येणाऱ्या मुली, सगळ्या निवांत असतात. ज्यांना बिनघोर पोहायचंय त्या ताई-मावशींनी सिडनीला गेल्यावर बाँडायच्या आधी इथे जावं असं माझं स्पष्ट मत आहे, बाँडायला कॅमेरेच फार.

प्रश्न : थंड पाण्यात पोहल्यानं इम्युनिटी वाढते, सर्दी होत नाही, डिप्रेशन जातं असं रोज कोणीतरी फॉरवर्ड करतं. आमच्याकडे माघात पहाटे गोदावरीत उतरणाऱ्या आजी पण हेच सांगायच्या. यात किती खरं? — नाशिकहून एक ताई

ताई, मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, पण जे पक्कं माहीत आहे तेवढं लिहितो. शरीराची उष्णता हवेपेक्षा पाण्यात साधारण पंचवीस पट वेगानं जाते. अचानक थंड पाण्यात पडलं की पहिल्या एक ते तीन मिनिटांत जे होतं ते सगळ्यात धोक्याचं : एकदम मोठा श्वास आत ओढला जातो, तो आपल्या हातात नसतो, मग धाप लागते, नाडी आणि बीपी वर जातं. त्या पहिल्या श्वासाला तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत. थंड पाण्यात माणसं गारठून मरतात असं आपल्याला वाटतं पण गारठायला तसा अर्धा तास वगैरे लागतो, त्याच्या कितीतरी आधी हा पहिला झटका आणि नंतर हातापायांतली ताकद जाणं, यानंच लोक बुडतात. पंधरा डिग्रीच्या खाली हा झटका फार जोरात बसतो, अठराला कमी पण बसतोच. त्यामुळे जुने पोहणारे काय करतात, शिडीनं हळूहळू उतरतात, तोंडावर-मानेवर पाणी मारून घेतात, श्वास जागेवर आला की मगच हात मारायला लागतात. (मग बाँडायला पहिल्याच दिवशी सगळे धाडधाड उड्या का मारतात? कारण फोटो. आणि त्यातल्या बहुतेकांना वर्षानुवर्षांची सवय आहे.) चार-सहा दिवस थोडं थोडं उतरत राहिलं की शरीर शिकतं आणि तो झटका बराच कमी होतो, हे मात्र सिद्ध झालेलं आहे.

अजून एक, बाहेर आल्यावरही शरीराचं आतलं तापमान काही मिनिटं खाली जातच राहतं. म्हणून बाहेर आल्या आल्या "मला काही झालं नाही" म्हणत ओल्या अंगानं सेल्फी काढत बसायचं नाही, आधी कोरडं व्हायचं, कपडे, टोपी, गरम चहा. एकदम कडकडीत पाण्याचा शॉवर पण नको, चक्कर येऊ शकते.

इम्युनिटीचं म्हणाल तर नेदरलँड्समध्ये एक मोठा अभ्यास झाला होता, २०१६ मध्ये छापून आला, तीनेक हजार लोक होते, काहींनी गरम आंघोळीच्या शेवटी अर्धा ते दीड मिनिट थंड शॉवर घ्यायचा. निकाल मला फार आवडतो : थंड शॉवरवाल्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या, पण आजारी असण्याचे दिवस मात्र तेवढेच राहिले! म्हंजे सर्दी झाली ती झालीच, फक्त ते तसेच कामाला गेले. आता यातून काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा. मूड चांगला होतो हे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, पण त्यात थंडीचा वाटा किती आणि रविवारी सकाळी दहा ओळखीची माणसं भेटून गप्पा झाल्या त्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. मला विचाराल तर गप्पांचा जास्त. डिप्रेशनवर औषध चालू असेल तर ते फॉरवर्ड वाचून बंद करू नका, एवढं मात्र हात जोडून सांगतो. आजींना माझा नमस्कार.

प्रश्न : आपल्याकडे ७०० किलोमीटरच्या वर किनारा आहे, मग समुद्रातले असे पूल कोकणात का नाहीत? सरकारला सुचत नाही का? — मालवणहून

सरकारला काय सुचतं काय नाही तो वेगळा विषय, पण इथे थोडा समुद्राचाही हात आहे. सिडनीच्या बाजूला किनाऱ्यावर वालुकाश्माचे सपाट कातळ आहेत, बरोबर भरती-ओहोटीच्या मधल्या उंचीवर, जणू कोणी ओटे घालून ठेवलेत, त्यामुळे कडेनं एक भिंत घातली की पूल तयार, भरतीला लाटा वरून येऊन पाणी बदलून जातात. आणि तिथली भरती-ओहोटी लहान, फरक जेमतेम दोन मीटरपर्यंत जातो. आपल्याकडे मुंबईत उधाणाच्या दिवशी साडेचार मीटरच्या वरचं भरतीचं पाणी असतं, पालिका इशारेच काढते दरवर्षी. एवढा फरक असला की बिचारा पूल दिवसातून काही तास पूर्ण पाण्याखाली आणि काही तास समुद्रापासून लांब कोरडा पडणार. तुमच्या मालवणात फरक मुंबईपेक्षा कमी आहे, कातळही आहे, तिथे जमू शकेल असं मला उगाच वाटतं, पण जून ते सप्टेंबर काय करणार? पावसाळ्यात तो समुद्र भिंत ठेवेल का, आणि ठेवली तरी आतला गाळ कोण काढणार दर गुरुवारी?

दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. तिकडे हे पूल हौसेनं कमी आणि गरजेनं जास्त झालेत. सिडनीच्या उत्तरेला न्यूकॅसल गाव आहे, तिथलं बोगी होल हे त्यातलं फार जुनं, १८२० च्या आसपास कैद्यांकडून कातळ फोडून घेतलेलं, कोणासाठी तर तिथल्या लष्करी अधिकाऱ्याच्या, मेजर मॉरिसेटच्या आंघोळीसाठी! पुढे एकोणिसाव्या शतकात कायदाच होता की दिवसाढवळ्या लोकांच्या नजरेसमोर समुद्रात उतरायचं नाही, त्यामुळे आडोसा असलेले बाथ्स बांधावे लागले, बाँडायचे बाथ्सही त्याच शतकाच्या अखेरचे. १९०२ मध्ये सिडनीतल्याच मॅनलीच्या विल्यम गोचर नावाच्या संपादकानं पेपरात आधी जाहीर करून दिवसा समुद्रात उडी मारली, त्यानंतर तो नियम सुटत गेला. मग लोक उघड्या समुद्रात जायला लागले आणि बुडायला लागले, वर शार्क आहेतच, म्हणून परत पूल. आणि १९३० च्या दशकात मंदी आली तेव्हा बेकार माणसांना काम द्यायचं म्हणून सरकारनं कितीतरी ठिकाणी कातळात पूल बांधून घेतले, म्हंजे आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीवर पाझर तलाव झाले तशातलाच प्रकार. आज न्यू साऊथ वेल्स या एका राज्यात असे शंभरच्या घरात पूल आहेत.

आणि आपण अगदीच मागे आहोत असंही नका म्हणू. धरमतर ते गेटवे पोहणारी शाळकरी पोरं आपल्याकडे आहेत, मुंबई बंदरातल्या सनक्रॉक दीपस्तंभापासून गेटवेपर्यंतची शर्यत आहे, आणि तुमच्याच चिवला बीचवर डिसेंबरच्या सुमारास समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धेला राज्यभरातून लोक येतात. आपल्याकडे कमी आहे ती वर्षभर दर रविवारी जमणारी साधी मंडळी, ज्यांना मेडल नकोय. त्याला पूलही लागत नाही.

प्रश्न : मुलगी शिकायला सिडनीला चाललीय, पोहता येत नाही. मैत्रिणींबरोबर बाँडायला जाणारच. काय सांगू तिला? — छत्रपती संभाजीनगरहून एक आई

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे खरं तर, वर घ्यायला हवा होता. तिला सांगा की लाइफगार्ड बीचवर लावतात त्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात जायचं, आणि झेंडे नसतील तर पाण्यात जायचंच नाही, गुडघाभर पण नाही. बाँडायच्या दक्षिण टोकाला, म्हंजे या पुलाच्या बाजूलाच, पाण्याची आत जाणारी ओढ कायम असते, तिला नावच 'बॅकपॅकर्स रिप' पडलंय कारण बाहेरून आलेली पोरं नेमकी तिथेच उतरतात. का उतरतात? कारण तिथे लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि गडद दिसतं, आणि आपल्याला वाटतं हीच सेफ जागा. उलटं आहे, जिथे पांढरा फेस नाही तिथूनच पाणी परत आत चाललेलं असतं.

सापडलंच तर किनाऱ्याकडे जीव खाऊन हात मारायचे नाहीत, दमून बुडायला होतं. पाठीवर तरंगायचं, हात वर करून ओरडायचं, ओढ माणसाला खाली खेचत नाही, लांब नेते, आणि तिथले लाइफगार्ड झपाट्यानं येतात. त्यांना हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, ६ फेब्रुवारी १९३८ ला याच बीचवर लागोपाठ मोठ्या लाटा आल्या आणि शेकडो माणसं एकदम आत ओढली गेली होती, ब्लॅक संडे म्हणतात त्याला, पाच जण गेले, पण अडीचशेच्या आसपास लोकांना लाइफसेव्हरांनी बाहेर काढलं. आणि तिथे गेल्यावर शहरातल्या एखाद्या साध्या पुलावर मोठ्यांसाठीचा पोहण्याचा क्लास तिला लावायला सांगा, पहिल्याच टर्मला, अभ्यास सांभाळून होतं.

प्रश्न : पोहायचं नाहीये, फक्त तो फोटो काढायचाय. तिकीट लागेल का? — डोंबिवली

नाही. नॉट्स अव्हेन्यू नावाचा रस्ता पुलाच्या वरून जातो, कठड्याशी उभं राहिलं की सगळा पूल खाली दिसतो. क्लबची आत्ताची बिल्डिंग २००२ ची आहे, वरच्या मजल्यावर जे रेस्टॉरंट आहे ते महाग, खालचं क्लबचं त्या मानानं परवडणारं, आणि खिडकीतून समुद्र दोन्हीकडून सारखाच दिसतो. लाट कठड्यावर फुटताना पाहिजे असेल तर भरतीच्या वेळी जा, आणि गुरुवारी मात्र रिकाम्या हौदाचा फोटो मिळेल.